बेझियन नेटवर्कमधले बाण आणि समतुल्य आलेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेझियन नेटवर्क म्हणजे चलांमधले संभाव्यतेचे संबंध दाखवणारा बाणांचा आलेख, त्यातला प्रत्येक नोड (बिंदू) म्हणजे एक चल. ते शिकणाऱ्यांचे आणि वापरणाऱ्यांचे सगळ्यात जास्त प्रश्न बाणाच्या दिशेवर येतात. कुणाच्या सॉफ्टवेअरने बाण 'उलटा' काढलेला असतो, कुणाचे दोन आलेख वेगळे दिसत असूनही डेटाशी जुळणीचे गुण अगदी सारखे पडलेले असतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे एकच उदाहरण वापरलं आहे : स्टेफन लॉरिट्झन आणि डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांनी १९८८ मध्ये मांडलेलं 'आशिया' नेटवर्क. छातीच्या दवाखान्यात धाप लागते म्हणून रुग्ण आलाय, त्याला काय झालं असेल, एवढाच त्याचा विषय. त्यात आठ हो-नाही नोड आणि आठ बाण आहेत :

आशियाचा प्रवास → क्षय
धूम्रपान → कर्करोग
धूम्रपान → ब्राँकायटिस
क्षय → एकतरी
कर्करोग → एकतरी
एकतरी → एक्स-रे
एकतरी → धाप
ब्राँकायटिस → धाप

'एकतरी' म्हणजे क्षय आणि फुप्फुसाचा कर्करोग यांपैकी निदान एक आहे. हा नोड पुढे प्रश्न १७ मध्ये डोकेदुखी ठरणार आहे.

१. बेझियन नेटवर्कमधला बाण नेमकं काय सांगतो?

प्रत्येक नोडला एक तक्ता असतो : पालक नोडांच्या प्रत्येक स्थितीला या नोडची संभाव्यता किती. हे सगळे तक्ते गुणले की संयुक्त संभाव्यता मिळते. बाण फक्त कुणाच्या तक्त्यात कोण पालक आहे हे दाखवतो.

खरी माहिती असते ती न काढलेल्या बाणांत. आठ हो-नाही चलांच्या २५६ जोडण्या होतात, म्हणजे मोकळं वितरण लिहायला २५५ आकडे लागतील. आशिया नेटवर्कला १८ पुरतात. वाचलेले सगळे आकडे 'इथे बाण नाही' या विधानांतून वाचले आहेत. प्रत्येक गैरहजर बाण हे सशर्त स्वातंत्र्याचं विधान असतं : काही चलं कळली की या दोघांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

२. मग बाण म्हणजे कारणाकडून परिणामाकडे, असं नाही का?

आलेख कुणी काढला यावर ते अवलंबून आहे. तज्ज्ञ डॉक्टरने विचार करून काढला असेल, तर बहुधा तसंच असतं, कारण माणसं कारणाच्या दिशेनेच विचार करतात आणि तक्तेही त्या दिशेने भरायला सोपे जातात. आलेख डेटावरून शिकलेला असेल, तर नाही. तिथे बाण हा फक्त गुणाकार मांडायची एक पद्धत आहे, आणि तेच वितरण मांडायच्या आणखी पद्धती असू शकतात. हे दोन दावे वेगळे ठेवले की खालचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. कारणाचा दावा करायचा असेल तर काय जास्तीचं लागतं, ते प्रश्न १५ मध्ये.

३. दोन आलेख 'समतुल्य' आहेत म्हणजे काय?

एका आलेखात तक्ते भरून जी जी वितरणं मांडता येतात, तीच सगळी दुसऱ्यातही मांडता येतात, एकही जास्त नाही की कमी नाही. दुसऱ्या शब्दांत, दोन्ही आलेख सशर्त स्वातंत्र्याची तीच विधानं करतात.

आशियातले मूळ आकडे घेऊन बघा. धूम्रपान करणारे ०.५. करणाऱ्यांत कर्करोग ०.१०, न करणाऱ्यांत ०.०१. संयुक्त संभाव्यता अशा येतात : दोन्ही आहेत ०.०५०, फक्त धूम्रपान ०.४५०, फक्त कर्करोग ०.००५, दोन्ही नाहीत ०.४९५. आता बाण उलटा करून तक्ते भरा. कर्करोग ०.०५५. कर्करोग असलेल्यांत धूम्रपान ०.०५० ÷ ०.०५५ = सुमारे ०.९०९, नसलेल्यांत ०.४५० ÷ ०.९४५ = सुमारे ०.४७६. गुणून पाहा, तेच चार आकडे परत मिळतात. दोन्हीकडे लागलेले आकडेही तीनच. या चार आकड्यांकडे बघून बाण मुळात कुठल्या बाजूचा होता हे कुणालाही सांगता येणार नाही.

४. समतुल्यता हाताने कशी तपासायची? सगळी स्वातंत्र्य-विधानं काढत बसायची का?

नाही. थॉमस व्हर्मा आणि ज्युडिया पर्ल यांनी १९९० मध्ये दिलेला निकष वहीच्या पानावर तपासता येतो. दोन गोष्टी सारख्या हव्यात :

पहिली, सांगाडा. बाणांची टोकं पुसून उरलेल्या रेघा तंतोतंत त्याच हव्यात.

दुसरी, व्ही-रचना. अ → क ← ब अशी जागा, जिथे अ आणि ब एकमेकांना जोडलेले *नाहीत*. दोन्ही आलेखांत अशा जागा त्याच हव्यात.

अ आणि ब यांच्यात रेघ असेल तर ती व्ही-रचना धरायची नाही. ही अट विसरल्यामुळे जेवढे गोंधळ होतात तेवढे दुसऱ्या कशामुळेही होत नाहीत.

सवय व्हावी म्हणून तीन नोडांचे सगळे आलेख काढून बघाच, एक संध्याकाळ पुरते. चक्र नसलेले (बाणांमागून जात परत त्याच नोडवर न येणारे) २५ आलेख निघतात आणि त्यांचे ११ वर्ग पडतात : एकही रेघ नसलेला एक, एका रेघेचे तीन वर्ग, प्रत्येकी दोन आलेखांचे, दोन रेघांचे सहा वर्ग, त्यांतले तीन प्रत्येकी तीन आलेखांचे आणि तीन एकेकट्या व्ही-रचनेचे, आणि पूर्ण त्रिकोणाचा एक वर्ग, त्यात सहा आलेख.

५. व्ही-रचनेलाच एवढा मान का? अ → क → ब आणि अ ← क → ब यांत फरक का नाही?

साखळी असो की मधल्या नोडमधून फुटलेली दोन टोकं, विधान एकच : अ आणि ब यांचा संबंध आहे, पण क कळला की तो तुटतो. व्ही-रचना याच्या बरोबर उलटी वागते. अ आणि ब एकमेकांपासून स्वतंत्र असतात आणि क कळल्यावर बांधले जातात.

आशियात क्षय आणि कर्करोग स्वतंत्र आहेत. क्षयाची एकूण संभाव्यता ०.०१०४. रुग्णाला 'एकतरी' आहे एवढं कळलं की ती सुमारे ०.१६ वर जाते. त्याला कर्करोग आहे हेही कळलं की परत ०.०१०४ वर येते, कारण 'एकतरी' असण्याचं कारण सापडलं, क्षयावर संशय घ्यायला जागा उरली नाही. आणि कर्करोग नाही असं कळलं तर क्षय थेट १. ही वागणूक डेटात उमटते. बाणाच्या दिशेचा जो काही पुरावा निव्वळ स्वातंत्र्य-विधानांतून मिळतो, तो शेवटी अशाच जागांवरून येतो.

६. आशिया नेटवर्कशी समतुल्य आलेख किती आहेत?

मूळ आलेख धरून सहा.

व्ही-रचना दोनच : क्षय → एकतरी ← कर्करोग, आणि एकतरी → धाप ← ब्राँकायटिस. त्यामुळे चार बाण पक्के झाले. एकतरी → एक्स-रे हा पाचवा बाणही पक्का आहे, त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये. उरल्या तीन रेघा. प्रवास–क्षय ही रेघ दोन्ही बाजूंनी चालते. धूम्रपानाच्या दोन रेघांना दिशा द्यायच्या चार पद्धती आहेत, पण कर्करोग → धूम्रपान ← ब्राँकायटिस ही नवी व्ही-रचना होईल, म्हणून ती बाद. दोन गुणिले तीन, सहा.

म्हणजे ज्या बाणाबद्दल सामान्य वाचकाच्या मनात तिळमात्र शंका नाही, तो धूम्रपान → कर्करोग हाच बाण आलेखाच्या दृष्टीने सुटा आहे. आणि एक गंमत सांगण्यासारखी आहे. उलट्या बाणाचा युक्तिवाद प्रत्यक्षात झालेला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञाने गंभीरपणे विचारलं होतं की कर्करोगाच्या आधीची अवस्थाच माणसाला सिगारेटकडे वळवत नसेल कशावरून, किंवा दोन्हींच्या मुळाशी आनुवंशिकता नसेल कशावरून. ते स्वतः पाइप ओढत. वैद्यकाच्या बाजूने ते चुकले, पण केवळ दोन चलांच्या सहसंबंधावरून त्यांना खोडून काढता येत नव्हतं, हेही खरं.

७. एकतरी → एक्स-रे हा बाण कुठल्याच व्ही-रचनेत नाही. तो पक्का कसा?

उलटा करून बघा. एक्स-रे → एकतरी झालं की एकतरीकडे क्षयाकडूनही बाण येतोय आणि एक्स-रेकडूनही, आणि त्या दोघांत रेघ नाही. नवी व्ही-रचना तयार झाली, आलेख वर्गाबाहेर गेला.

अशा 'ओढून पक्क्या' होणाऱ्या बाणांचे नियम क्रिस्टोफर मीक यांनी १९९५ मध्ये पद्धतशीर मांडले. दोन नियम लक्षात राहिले तरी बरंच काम होतं. अ → क पक्का आहे, क–ब रेघ आहे आणि अ–ब जोडलेले नाहीत, तर क → ब. आणि अ → क → ब पक्कं आहे आणि अ–ब रेघ आहे, तर अ → ब, नाहीतर चक्र होईल. तिसरा नियम याच दोन भीतींतून निघतो. चौथा फक्त बाहेरून ज्ञान घातलं तरच लागतो (प्रश्न १४).

८. 'कव्हर्ड' बाण आणि उलटवता येणारा बाण एकच ना?

नाही. इथे भलेभले फसतात.

अ → ब कव्हर्ड आहे म्हणजे ब चे पालक बरोबर अ चे पालक अधिक स्वतः अ, इतकेच. असा एकटा बाण उलटवला की आलेख समतुल्यच राहतो. डेव्हिड चिकरिंग यांनी १९९५ मध्ये याची दुसरी बाजूही सिद्ध केली : कोणत्याही दोन समतुल्य आलेखांमध्ये एकेक कव्हर्ड बाण उलटवत जाता येतं, आणि वाटेतला प्रत्येक आलेख त्याच वर्गात असतो.

उलटवता येणारा बाण म्हणजे वर्गातल्या कुठल्या तरी आलेखात जो उलटा सापडतो तो. तो आत्ताच्या आलेखात कव्हर्ड असेलच असं नाही. मूळ आशियात धूम्रपान → कर्करोग आणि धूम्रपान → ब्राँकायटिस दोन्ही कव्हर्ड आहेत. पहिला उलटवा : कर्करोग → धूम्रपान → ब्राँकायटिस. आता धूम्रपानाला कर्करोग हा पालक आहे आणि ब्राँकायटिसला तो नाही, म्हणून दुसरा बाण कव्हर्ड राहिला नाही. तो उलटवायचा असेल तर आधी पहिला परत सरळ करावा लागेल.

९. बेझच्या सूत्राने कुठलाही बाण उलटवता येतो असं शिकवलं होतं. मग 'पक्का बाण' ही काय भानगड?

दोन्ही बरोबर आहे. रॉस शॅक्टर यांनी १९८६ मध्ये बाण उलटवायची जी रीत दिली, ती चक्र होत नसेल तर कुठल्याही बाणाला लागते, पण तिची किंमत असते : दोन्ही नोडांना एकमेकांचे पालक घ्यावे लागतात. एकतरी → एक्स-रे उलटवायचा तर एक्स-रेला क्षय आणि कर्करोग हे दोन नवे पालक मिळतात. आधी एकतरीच्या तक्त्यात चार ओळी आणि एक्स-रेच्या दोन. नंतर एक्स-रेच्या चार आणि एकतरीच्या आठ. वितरण तेच राहिलं, पण 'एकतरी कळलं की एक्स-रेचा क्षयाशी संबंध उरत नाही' हे विधान चित्रातून गेलं. नवा आलेख जुन्याशी समतुल्य नाही. तो जुन्याला पोटात घेणारा मोठा आलेख आहे. कव्हर्ड बाणात नवे पालक घ्यावेच लागत नाहीत, म्हणून तिथे किंमत शून्य.

१०. परीक्षेत बाण उलटा काढला. वितरण तेच येतं, तरी मार्क कापले. भांडू का?

प्रश्नात 'संयुक्त वितरण दाखवणारा आलेख काढा' असं असेल आणि तुमचा आलेख प्रश्न ४ च्या कसोटीला उतरत असेल, तर नक्की भांडा. प्रश्नात 'कार्यकारण आलेख' म्हटलं असेल, तर गप्प बसा.

११. सीपीडॅग म्हणजे काय? त्यातल्या बिनबाणाच्या रेघांना मनाला येईल ती दिशा दिली तर चालेल का?

सीपीडॅग हे अख्ख्या वर्गाचं एक चित्र आहे. वर्गातल्या सगळ्या आलेखांत जो बाण एकाच दिशेने आहे तो बाण म्हणून, आणि जो कुठे सरळ कुठे उलटा आहे तो नुसती रेघ म्हणून काढतात. आशियाच्या सीपीडॅगमध्ये पाच बाण आणि तीन रेघा. १९९७ मध्ये अँडरसन, मॅडिगन आणि पर्लमन यांनी याच चित्राचा 'इसेन्शियल ग्राफ' या नावाने सविस्तर अभ्यास केला, त्यामुळे काही पुस्तकांत ते नाव दिसेल.

मनाला येईल ती दिशा चालत नाही. सगळ्या रेघांना मिळून अशी दिशा द्यायची की चक्र होऊ नये आणि नवी व्ही-रचना होऊ नये. धूम्रपानाच्या दोन रेघांचं उदाहरण प्रश्न ६ मध्ये आलंच आहे.

याच अटीमुळे खऱ्या सीपीडॅगमध्ये नुसत्या रेघांचा कर्ण नसलेला चौकोन कधीच सापडत नाही. चौकोनाला चक्र न होता दिशा दिली की कुठला तरी एक कोपरा असा उरतो, ज्याच्याकडे दोन्ही शेजाऱ्यांचे बाण येतात. ते शेजारी आपसांत जोडलेले नाहीत, म्हणजे झाली व्ही-रचना. तुमच्या प्रोग्रॅमने असा चौकोन दिला, तर तो सीपीडॅग नाही. पीसी अल्गोरिदममध्ये (स्वातंत्र्याच्या चाचण्या घेत डेटावरून आलेख काढायची पद्धत) नमुना छोटा असेल तर चाचण्यांचे निकाल एकमेकांना छेद देतात आणि असली चित्रं येतात.

१२. माझ्या प्रोग्रॅमने कर्करोग → धूम्रपान असा बाण दिला. बग आहे का?

बग नाही. हिल-क्लाइंबिंगसारखी (एकेक बाण बदलत गुण वाढवत नेणारी) पद्धत शेवटी एकच आलेख हातात देते. वर्गातल्या सगळ्यांचे गुण सारखे असतील तर कुठला मिळेल हे चलांच्या क्रमासारख्या फुटकळ गोष्टींवर ठरतं. डेटाचे स्तंभ उलटे लावून परत चालवा, बाण फिरण्याची बरीच शक्यता आहे.

माझं स्पष्ट मत : शिकलेला आलेख सीपीडॅगमध्ये बदलल्याशिवाय कुणाला दाखवूच नये. आर या संगणकभाषेतल्या बीएनलर्न पॅकेजमध्ये त्यासाठी एका ओळीचं फंक्शन आहे, पीसीअॅल्ग पॅकेजमध्येही आहे. अहवालात बाणांचं सुबक चित्र टाकून खाली 'दिशा विश्वासार्ह नाही' अशी बारीक टीप देणं म्हणजे वाचकाला फसवणं. चित्र लक्षात राहतं, टीप राहत नाही.

बूटस्ट्रॅप करून (डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने उचलून) दिशेची टक्केवारी काढणाऱ्यांनीही सांभाळावं. सुट्या रेघेला ५० च्या आसपास टक्के मिळाले तर ठीक, पण प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी स्तंभांच्या त्याच क्रमाने बरोबरी सोडवली असेल, तर ९० टक्केही मिळतील आणि त्यांना काही अर्थ नसेल.

१३. सगळेच स्कोअर (आलेखाला गुण द्यायच्या रीती : बीआयसी, एआयसी, बीडीईयू, केटू) समतुल्य आलेखांना सारखे गुण देतात का?

नाही. बीआयसी आणि एआयसी देतात, कारण समतुल्य आलेखांची कमाल लाइकलीहूडही (डेटाशी जास्तीत जास्त जुळणी) सारखी आणि मोकळ्या आकड्यांची संख्याही सारखी. बीडीईयू देतो. केटू देत नाही.

केटू (कूपर आणि हर्स्कोविट्स, १९९२) तक्त्याच्या प्रत्येक घरात आधीच एक काल्पनिक नोंद टाकतो. दोन हो-नाही चलं घ्या. अ → ब मध्ये अ च्या तक्त्यात दोन काल्पनिक माणसं आहेत आणि ब च्या दोन ओळींत मिळून चार. दिशा उलटली की ब कडे दोन आणि अ कडे चार. पूर्वसमजूतच दिशेप्रमाणे बदलली, मग गुण बदलणारच. बीडीईयूमध्ये काल्पनिक नमुन्याचा एकूण आकार ठरलेला असतो आणि तो घरांत वाटला जातो : अ च्या दोन घरांत निम्मा निम्मा, ब च्या चार घरांत पाव पाव. हिशेब दोन्हीकडून जुळतो. केटूच्या गुणांतला थोडासा फरक दाखवून 'डेटाने दिशा सांगितली' म्हणणारे प्रबंध आहेत. ती दिशा डेटाने सांगितलेली नसते.

१४. डेटा दसपट वाढवला तर दिशा कळेल का? नाही तर काय केल्याने कळेल?

नुसत्या निरीक्षणांनी नाही. नमुना कितीही मोठा केला तरी तुम्ही फार तर बरोबर वर्गापर्यंत पोहोचता. चिकरिंग यांच्या २००२ च्या जीईएस या आलेख शिकायच्या पद्धतीबद्दलचा सिद्धान्तही 'योग्य वर्ग सापडतो' एवढंच म्हणतो.

पहिला उपाय पूर्वज्ञान. वय हे कशाचा परिणाम नसतं, आधीची घटना नंतरच्या घटनेमुळे घडत नाही, असे निषिद्ध बाण प्रोग्रॅमला सांगता येतात. सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचं वजन मात्र सारखं नसतं. आशियात 'धूम्रपान → कर्करोग' सांगितलं, तर ब्राँकायटिसची रेघ तशीच सुटी राहते. 'ब्राँकायटिस → धूम्रपान' असं (वेडगळ) काही सांगितलं, तर मात्र दुसरी रेघ तिथल्या तिथे धूम्रपान → कर्करोग अशी ठरते, कारण दुसरा पर्याय व्ही-रचना करतो. ज्ञान घातल्यावर मीकचे नियम परत चालवायला विसरू नका, चौथ्यासकट.

दुसरा उपाय प्रयोग. एखाद्या चलाची किंमत स्वतः ठरवून डेटा घेतला की त्या चलाला लागलेल्या रेघांच्या दिशा उघड होतात. अशा मिश्र डेटासाठी समतुल्यतेचे वर्ग आणखी बारीक पडतात. हाउझर आणि ब्यूलमन यांचं २०१२ चं काम त्यावर आहे.

१५. सगळे समतुल्य आलेख तेच भाकीत देत असतील, तर दिशेची काळजी करायचीच कशाला?

भाकितापुरती करूच नका. रुग्णाची धाप आणि एक्स-रे बघून कर्करोगाची संभाव्यता काढायची असेल, तर सहापैकी कुठलाही आलेख घ्या, उत्तर एकच.

काळजी हस्तक्षेपाच्या प्रश्नाला. 'सगळ्यांना धूम्रपान करायला लावलं तर कर्करोग किती?' धूम्रपान → कर्करोग असेल तर ०.१०. उलटा असेल तर धूम्रपानात ढवळाढवळ केल्याने कर्करोग हलतच नाही, ०.०५५ वर राहतो. तक्ते त्याच डेटावरून भरलेले, उत्तरात जवळजवळ दुपटीचा फरक.

वर्गातल्या सहापैकी चार आलेख ०.१० म्हणतात आणि दोन ०.०५५. यावरून 'दोन तृतीयांश शक्यता पहिल्याची' असं म्हणू नका, आलेखांची मोजणी ही संभाव्यता नव्हे. प्रामाणिक उत्तर म्हणजे दोन्ही आकडे समोर ठेवणं. मात्हाउस, कॅलिश आणि ब्यूलमन यांची २००९ ची आयडीए पद्धत हेच करते : वर्गाला मान्य असलेल्या परिणामांची यादी.

१६. लीनगॅम ही आलेख शिकायची पद्धत तर दोन चलांतही दिशा सांगते. मग वरचं सगळं खोटं का?

खोटं नाही, अटी वेगळ्या आहेत. वरचं सगळं तक्त्यांवर काहीही बंधन नाही असं धरून आहे. शिमिझू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की संबंध सरळ रेषेचे असतील, त्रुटी (संबंधातून न सुटणारे चढउतार) नॉर्मल, म्हणजे घंटाकृती वितरणाच्या, *नसतील* आणि लपलेलं समाईक कारण नसेल, तर पूर्ण आलेख ओळखता येतो. त्रुटी नॉर्मल झाल्या की परत समतुल्यता वर्गावर यावं लागतं. त्यालाही अपवाद आहे : नॉर्मल असूनही सगळ्या त्रुटींचं प्रसरण (व्हेरिअन्स) समान असेल, तर दिशा ओळखता येतात (पीटर्स आणि ब्यूलमन, २०१४). प्रत्यक्षात समान प्रसरणाची अट मोजमापाचं एकक बदललं तरी मोडते, त्यामुळे तिच्यावर विसंबताना दहादा विचार करावा.

आशियासारख्या हो-नाही तक्त्यांना यातलं काही लागू नाही.

१७. आशियाचाच डेटा तयार करून पीसी चालवला. सीपीडॅग सपशेल चुकला. नमुना तर प्रचंड होता!

गुन्हेगार 'एकतरी'. त्याच्या तक्त्यात फक्त शून्य आणि एक आहेत. क्षय आणि कर्करोग दोन्ही माहीत असले की एकतरी ठरूनच गेलेलं असतं, त्यात हलायला काही उरत नाही. मग पीसीने 'क्षय आणि कर्करोग दिले असता एकतरी आणि एक्स-रे स्वतंत्र आहेत का' असं विचारलं की उत्तर येतं 'हो', आणि खरी रेघ पुसली जाते. एक्स-रेच्या बाकीच्या रेघा आधीच गेलेल्या असतात, त्यामुळे तो बिचारा एकटाच उरतो.

आलेखात नसलेलं स्वातंत्र्य डेटात सापडणं याला फेथफुलनेस मोडणं म्हणतात. नोड काटेकोरपणे ठरलेला असेल तर ते हमखास होतं. दोन वाटांचे परिणाम एकमेकांना नेमके खोडत असतील तरी होतं, पण ते क्वचित. आशियापुरता उपाय सोपा आहे : एकतरी हा स्तंभ काढून टाका आणि क्षय, कर्करोग यांचे बाण थेट एक्स-रे आणि धाप यांच्याकडे जातील अशी अपेक्षा ठेवा. वर प्रवासाची संभाव्यता ०.०१ च आहे, त्यामुळे प्रवास–क्षय ही रेघ छोट्या नमुन्यात दिसतच नाही. शिकायला पहिलं उदाहरण म्हणून हे नेटवर्क सगळे देतात, पण अल्गोरिदम तपासायला ते वाईट आहे.

१८. सीपीडॅगमधला पक्का बाण तरी कारण म्हणून वाचता येईल ना?

दोन अटींवर : फेथफुलनेस (प्रश्न १७) आणि लपलेलं समाईक कारण नसणं. दुसरी अट फार वेळा मोडते. अ आणि क या दोघांमागे एक न मोजलेलं चल असेल, तर अ → क ← ब अशी व्ही-रचना डेटात दिसेल आणि अ → क 'पक्का' ठरेल, प्रत्यक्षात अ चा क वर काडीचाही परिणाम नसताना. अशी शंका असेल तर पीसी सोडून एफसीआय (लपलेली कारणं असू शकतात असं धरणारी पद्धत) वापरा. त्याच्या चित्रात बाणाच्या टोकांना वर्तुळंही असतात. वर्तुळ म्हणजे 'इथे टोक आहे की नाही ते ठरत नाही'. चित्र कमी बोलतं, पण खोटं बोलत नाही.

१९. एका वर्गात साधारण किती आलेख असतात? मोठ्या नेटवर्कमध्ये आकडा हाताबाहेर जातो का?

सरासरी ऐकून लोक चकित होतात : चारच्याही आत. चार नोडांचे ५४३ आलेख १८५ वर्गांत बसतात, पाच नोडांचे २९,२८१ आलेख ८,७८२ वर्गांत, आणि पुढे गुणोत्तर जवळपास तिथेच स्थिरावतं, वर्गामागे सुमारे ३.७ आलेख.

पण ही सरासरी सगळ्या शक्य आलेखांवरची आहे, आणि ते बहुतेक गच्च भरलेले असतात. आपण वापरतो ते विरळ, झाडासारखे आलेख तसे नसतात. n नोडांच्या, एकही व्ही-रचना नसलेल्या झाडाच्या वर्गात n आलेख असतात, कुठलाही नोड मूळ धरा. पूर्ण जोडलेल्या आलेखाच्या वर्गात n फॅक्टोरियल (१ ते n यांचा गुणाकार), म्हणजे दहा नोडांना ३६,२८,८००.

२०. दोन शिकलेल्या नेटवर्कची तुलना करताना उलटा बाण चूक म्हणून मोजायचा का?

आधी दोन्हींचे सीपीडॅग काढा, मग रेघा आणि बाण ताडून फरक मोजा. नाहीतर आशियाच्या सहापैकी दोन आलेखांत तीनपर्यंत बाणांचा 'फरक' दिसू शकतो, जो फरकच नाही. कालानुसार बदलणाऱ्या नेटवर्कमध्ये कालच्या नोडकडून आजच्या नोडकडे जाणारे बाण मुळातच ठरलेले असतात. तिथे त्यांची दिशा चुकली तर ती खरी चूक धरा. एकाच दिवसाच्या आतल्या बाणांना मात्र वरचाच नियम.